सव्वा लाखाचा हिशेब

१ एप्रिल १९१२ रोजी मोहनदास करमचंद गांधी यांनी जोहान्सबर्गहून मुंबईच्या रतनजी जमशेटजी टाटा यांना एक पत्र लिहिले. ते खाजगी नव्हते, 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकात छापून आले होते. आज ते गांधीजींच्या समग्र वाङ्मयात वाचता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधला लढा कुठवर आला, सत्याग्रहींची कुटुंबे कशी राहतात, त्यांच्या मुलांची शाळा कशी चालली आहे आणि आलेला पैसा कशावर खर्च झाला, हे सारे त्यात सांगितले आहे. देणाऱ्याचे आभारही आहेत, पण पत्राचा मुख्य विषय हिशेब हाच आहे.

सामाजिक न्यायाच्या लढ्याला खाजगी पैशाने केलेल्या मदतीचा इतका जुना आणि इतका तपशीलवार कागद आपल्याकडे क्वचितच हाती लागतो. हा पैसा कुठून आला, कोणाच्या हातून गेला आणि त्याने काय घडले, हे उरलेल्या कागदांवरून जुळवून पाहायचे आहे. जिथे कागद बोलतो तिथे त्याचे ऐकू. जिथे तो थांबतो तिथे तर्क करू, पण त्याला तर्कच म्हणू.

आधी नावाचा घोळ दूर केला पाहिजे. हे रतन टाटा म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निधन पावलेले उद्योगपती नव्हेत. हे जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे धाकटे चिरंजीव, दोराबजींचे भाऊ. जन्म २० जानेवारी १८७१. १९१६ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला आणि ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट आइव्ह्ज येथे ते वारले. त्यांना मूल नव्हते. पत्नी नवाजबाई यांनी पुढे पारशी अनाथाश्रमातला नवल नावाचा मुलगा दत्तक घेतला. अलीकडचे रतन टाटा हे त्या नवल यांचे पुत्र. म्हणजे दोन रतन टाटांमध्ये आजोबा-नातवाचे नाते आहे, आणि ते दत्तकविधानाने आलेले आहे.

आता पहिल्या देणगीकडे वळू. तिच्याविषयी गांधीजींनीच लिहिलेल्या दोन साक्षी आहेत. पहिली 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकातली. ट्रान्सवालच्या हिंदी लोकांची बाजू मांडायला लंडनला गेलेले शिष्टमंडळ निष्फळ ठरले, गांधीजी परतीच्या बोटीने केप टाउनला उतरले आणि तारेने बातमी मिळाली की टाटांनी सत्याग्रहाच्या निधीला २५,००० रुपये दिले. तेवढ्यावर तातडीची गरज भागली, असे ते म्हणतात.

वाचायला ही साक्ष चोख आहे, पण तिची तारीख पाहावी लागते. हे पुस्तक १९२३-२४ मध्ये तयार झाले. त्याचा बराच भाग येरवड्याच्या तुरुंगात इंदुलाल याज्ञिक यांना तोंडी सांगितलेला आहे. मूळ कागद जवळ नव्हते आणि घटनेला चौदा-पंधरा वर्षे उलटली होती. स्मरण कितीही प्रामाणिक असले तरी ते स्मरणच. ते कुठे सरकते याचा एक नमुना त्यांच्या आत्मकथेतच सापडतो. नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना २२ मे रोजी झाली असे तिथे छापले आहे. समकालीन कागद मात्र २२ ऑगस्ट १८९४ ही तारीख सांगतात. स्मरण तीन महिन्यांनी चुकले. फार मोलाचा भाग पुढे आहे. आत्मकथेच्या त्याच भागात ते सांगतात की त्या संस्थेचे १८९४ सालचे हिशेब आजही दप्तरात जसेच्या तसे सापडतील आणि चोख हिशेबाशिवाय सार्वजनिक कामातले सत्य निर्मळ राहत नाही. माणसाची आठवण चुकली. वहीवर त्याची भिस्त होती, आणि ती योग्य होती.

म्हणून देणगीसाठी दुसरी साक्ष पुढे घ्यावी लागते. ती आहे गांधीजींनी डिसेंबर १९०९ मध्ये जोहान्सबर्गहून गोपाळ कृष्ण गोखले यांना लिहिलेले पत्र. ३० नोव्हेंबरला ते केप टाउनला उतरले होते, म्हणजे पत्र घटनेनंतर काही दिवसांतले आहे. त्यात टाटांच्या देणगीबद्दल कृतज्ञता आहे, ती ऐन वेळी आली असे म्हटले आहे आणि लगेच खर्चाच्या बाबी मांडल्या आहेत. लंडनची कचेरी, जोहान्सबर्गची कचेरी, तोट्यात चाललेले 'इंडियन ओपिनियन', तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे. इथे दोन्ही साक्षी जुळतात. रक्कम, वेळ आणि देणारा याविषयी शंका उरत नाही.

२५,००० रुपये म्हणजे किती? तेव्हा एका पौंडाला १५ रुपये असा स्थिर दर होता. त्या हिशेबाने ही रक्कम १,६६६ पौंडांच्या थोडी वर जाते. आपल्या अंदाजासाठी दुसरे माप घेऊ. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक असताना गोखल्यांचा पगार महिना ७५ रुपये होता. त्या पगारात २५,००० रुपये मिळवायला त्यांना पावणेअठ्ठावीस वर्षे लागली असती.

हा पैसा गोखल्यांच्या हातून गेला. त्यांच्याच हातून का, याचे उत्तर त्या वर्षीच्या घडामोडींत आहे. ट्रान्सवालमधल्या प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा १९०७ मध्ये झाला होता. त्याला नकार देणारे तुरुंगात जात होते, व्यापार बुडत होते. १९०९ च्या मध्याला गांधीजींचे सहकारी हेन्री पोलाक यांना हिंदुस्थानात लोकमत जागे करायला पाठवले गेले. गोखल्यांनी त्यांना आपल्या भारत सेवक समाजाच्या माणसांची मदत दिली. सप्टेंबरात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जाहीर सभा झाली. त्यानंतर अडीच महिन्यांत टाटांची देणगी आली. पोलाक यांच्या दौऱ्यामुळेच रतनजींचे मन वळले, असा माझा तर्क आहे. क्रम तसा आहे, पण क्रम म्हणजे कारण नव्हे, ही खबरदारी घेतलेली बरी.

हा मधला दुवा महत्त्वाचा आहे. देणारा मुंबईचा धनिक, तोही इंग्लंडमध्ये ट्विकनहॅमला घर असलेला. घेणारा हजारो मैलांवरचा बॅरिस्टर. त्या दोघांमध्ये पुण्याचा एक माणूस उभा आहे, ज्याच्या शब्दावर दोघांचाही विश्वास आहे. आजच्या संस्थांच्या व्यवहारात करारनामे आणि अटींचे जाडजूड कागद असतात. १९०९ मध्ये त्या जागी गोखल्यांची पत होती.

ती देणगी एकटी राहिली नाही. १९१० च्या अखेरीस तेवढीच रक्कम पुन्हा आली. १९०९ ते १९१३ या काळात रतनजींनी दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याला दिलेली एकूण रक्कम १,२५,००० रुपये झाली. या सव्वा लाखातला एक रुपयाही दवाखान्याच्या इमारतीला, धर्मशाळेला किंवा नाव कोरलेल्या पाणपोईला गेला नाही. तो एका वसाहतीच्या सरकारने केलेला कायदा जाणूनबुजून मोडणाऱ्यांच्या पाठीशी गेला.

इथे धाडसाचे माप नीट घेतले पाहिजे, नाहीतर आपण रतनजींना बंडखोर ठरवून मोकळे होऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांविषयी खुद्द हिंदुस्थान सरकारलाही सहानुभूती होती. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळसाठीची मजूरभरती बंद झाली. नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासला जाहीर भाषणात सत्याग्रहींविषयी सहानुभूती दाखवली. म्हणजे टाटांनी या कामाला पैसा दिला म्हणून कलकत्त्याचे सरकार रुष्ट होण्याची भीती फार नव्हती. पुढे १९१६ मध्ये किताब मिळाला, त्यावरूनही तेच दिसते. पण हेही खरे की १९०९ च्या नोव्हेंबरात यातले काहीच घडलेले नव्हते. ठराव दूर होता, भाषण दूर होते, लढा थकलेला होता. तेव्हा पहिला मोठा पैसा रतनजींचा आला.

त्या पैशाचे काय झाले? इथे १९१२ चे पत्र आणि १९२४ चे पुस्तक एकमेकांना पूरक ठरतात. सुरुवातीला तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना गरजेप्रमाणे दरमहा रोख मदत दिली जात असे. त्यात अडचण होती. पाच माणसांच्या कुटुंबाला आणि एकट्या तरुणाला एकच माप कसे लावायचे? गरज कोण ठरवणार? प्रामाणिक माणूस कमी मागेल आणि दुसरा जास्त सांगेल, तर न्याय कसा होणार? लढा किती वर्षे चालेल हे माहीत नव्हते आणि कितीही मोठी देणगी एक दिवस संपणारच होती. तेव्हा सर्व कुटुंबांना एकत्र ठेवायचे ठरले. ३० मे १९१० रोजी वास्तुविशारद हर्मन कॅलेनबाख यांनी आपली जमीन भाडे न घेता वापरायला दिली. तेच टॉलस्टॉय फार्म.

ही जमीन ११०० एकरांची होती, जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर. लॉली स्टेशन मैलभर अंतरावर. फळझाडे हजाराच्या आसपास, पाण्याला विहिरी. गांधीजींनी आठवणीने दिलेली शिरगणती अशी: चाळीसेक तरुण, दोन-तीन म्हातारे, पाच बाया आणि वीस-तीस मुले, त्यांत चार-पाच मुली. नोकर एकही नाही. स्वयंपाक, मैला पुरणे, सुतारकाम, बागकाम सगळे आपापल्या हाताने. कॅलेनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला बनवायला शिकले आणि इतरांना शिकवले. खाजगी कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे, हा नियम. पहाटे दोनला निघायचे, शिदोरी घरची बांधून घ्यायची. आगगाडीचे भाडे वाचायचे आणि शहरात खाण्यावर होणारा खर्चही.

या तपशिलावर थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण देणगी कशी पचवायची याचा तो धडा आहे. पैसा आला म्हणून खर्च वाढला नाही, उलट खर्च कमी कसा होईल याची व्यवस्था आधी झाली. जमीन फुकट, मजुरी घरची, भाडे वाचवलेले. टाटांचा रुपया या फार्मवर अन्नधान्याला, छपराला, शाळेला लागला आणि तो लांबवून वापरला गेला. १ एप्रिल १९१२ चे पत्र याच व्यवस्थेचा जाहीर जमाखर्च आहे. तो खाजगी पाकिटातून पाठवता आला असता. पण तो छापला गेला, म्हणजे देणाऱ्याने वाचला तसाच पै-पैशाची वर्गणी देणाऱ्या फेरीवाल्यानेही वाचला. मोठ्या देणगीदाराला एक हिशेब आणि लहानाला दुसरा, असा भेद राहिला नाही.

आता रतनजींच्या बाजूचे कागद पाहू. दक्षिण आफ्रिकेला पैसा जात असतानाच त्यांचा पैसा आणखी तीन ठिकाणी जात होता. भारत सेवक समाजाला त्यांनी वर्षाला १०,००० रुपये याप्रमाणे दहा वर्षे मदत कबूल केली. प्राचीन पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी वर्षाला २०,००० रुपये देऊ केले. पुरातत्त्व खात्याच्या १९१२-१३ च्या वार्षिक अहवालात डी. बी. स्पूनर यांच्या लेखाच्या शीर्षकातच रतन टाटांचे नाव आहे. कुम्रहार येथे जानेवारी १९१३ मध्ये काम सुरू झाले आणि मौर्यकाळातल्या खांबांच्या विशाल दालनाचे अवशेष हाती लागले. तिसरे ठिकाण लंडन. १९१२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड, म्हणजे २१,००० रुपये, असे तीन वर्षे देऊ केले. विषय होता दारिद्र्य. ते का येते, ते टाळता कसे येईल आणि आलेच तर निवारावे कसे, याचा शास्त्रीय अभ्यास. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 'रतन टाटा फाउंडेशन' उभे राहिले.

या फाउंडेशनच्या कामाचा पुरावा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आहे. १९१३ मध्ये आर. एच. टॉनी त्याचे संचालक झाले. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, वडील सी. एच. टॉनी हे 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतरकार. टॉनींनी आरंभीच्याच व्याख्यानात भूमिका मांडली की दारिद्र्याचा प्रश्न हा उद्योगधंद्यांच्या रचनेचा प्रश्न आहे, गरिबाच्या दुर्गुणांचा नाही. मग त्यांनी साखळ्या घडवणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला. तो १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रॅडली हीथ गावात घराशेजारच्या भट्टीवर बायका हातोड्याने लोखंडी कड्या जोडत. १९१० मध्ये त्यांनी कायद्याने ठरलेल्या मजुरीसाठी संप करून तो जिंकला होता. कायद्याने ठरवलेली मजुरी दिल्यावर धंदा बुडतो का, हे टॉनींनी तपासले. १९१५ मध्ये बाउली आणि बर्नेट-हर्स्ट यांचा चार इंग्रजी शहरांतल्या कामगार कुटुंबांचा अभ्यास आला. सगळी घरे मोजण्याऐवजी पद्धतशीरपणे निवडलेली घरे पाहून सगळ्या शहराविषयी निष्कर्ष काढण्याचे हे आरंभीचे उदाहरण. त्यांना दिसले की घरातला कर्ता पूर्णवेळ काम करत असूनही मजुरीच इतकी कमी असते की कुटुंब गरीब राहते.

हिंदुस्थानातल्या कापडगिरण्यांतून उभ्या राहिलेल्या संपत्तीने इंग्लंडच्या मजुरांच्या गरिबीची कारणे शोधली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. तिच्याकडे पाहताना मनात एक प्रश्न येतोच. हा अभ्यास मुंबईच्या गिरणगावात का झाला नाही? त्याचे उत्तर अंशतः पुढच्या कागदात सापडते. तो कागद म्हणजे रतनजींचे मृत्युपत्र.

मृत्युपत्र १९१३ चे आहे, म्हणजे टॉनी कामाला लागले त्याच वर्षाचे. मूल नसल्यास उरलेली संपत्ती शिक्षण, विद्या, उद्योग, मानवी दुःखाचे निवारण आणि लोकोपयोगी कामे यांसाठी वापरावी, असे त्यात आहे. इतपत मजकूर त्या काळच्या कुठल्याही श्रीमंत पारशी गृहस्थाच्या मृत्युपत्रात शोभला असता. पण पुढचे कलम वेगळे आहे. हिंदी समाजाच्या सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय हिताच्या प्रश्नांचा तपास करायला जाणकार माणसे नेमावीत, त्यावरून व्यवहारात उतरतील अशा योजना आखाव्यात आणि हे काम ठरीव साच्यातून न करता शास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या प्रगतीने रोज पडणाऱ्या नव्या प्रकाशात करावे, असा त्याचा आशय आहे.

'राजकीय' हा शब्द इथे थांबून वाचला पाहिजे. धर्मादायाच्या मजकुरात तो सहसा येत नाही. वकील तो गाळायला सांगतात. १९१३ सालच्या मृत्युपत्रात तो आला, त्याला शेजारचे कागद अर्थ देतात. तेव्हा गोखल्यांच्या समाजाला वर्षासन चालू होते, दक्षिण आफ्रिकेत लढा शिगेला पोहोचत होता आणि लंडनमध्ये गरिबीची कारणे शोधली जात होती. हे चारही कागद एका ओळीत ठेवले की एक मन दिसू लागते. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य, पण तो भुकेला का राहतो हे विचारणे हीसुद्धा धर्मादायाचीच जबाबदारी, असे मानणारे मन. रतनजींनी हे वाक्य असे कुठे लिहिलेले नाही. हा माझा निष्कर्ष आहे, पण तो हवेतला नाही. त्याच्याखाली चार कागद आहेत.

रतनजी १९१८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, सुमारे ८० लाख रुपयांच्या निधीवर सर रतन टाटा ट्रस्ट सुरू झाला. १९३२ मध्ये थोरल्या भावाच्या नावाने सर दोराबजी टाटा ट्रस्ट झाला. त्या ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकपदाखाली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. लंडनमध्ये १९१२ ला विचारलेला प्रश्न चोवीस वर्षांनी नागपाड्यात परत आला, असे म्हणण्याचा मोह होतो. ट्रस्ट वेगळा, माणसे वेगळी, त्यामुळे थेट वारसा सांगणे धाडसाचे होईल. एकाच घरातून एकाच प्रकारचा प्रश्न दोनदा विचारला गेला, एवढे मात्र नक्की.

इथे थांबलो तर ही कथा सुखान्त होईल आणि अपुरीही राहील. कारण याच घराण्याचे नाव मराठी मुलखात आणखी एका कारणाने कागदांत उमटले आहे. मुळशी पेठ्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. सुमारे पन्नास गावांची जमीन, मावळ्यांची भातखाचरे, पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा, सेनापती बापट हा त्याचा चेहरा. धरण आणि विस्थापन यांविरुद्ध जगात झालेल्या संघटित लढ्यांच्या आरंभीच्या नोंदींत मुळशीचे नाव येते.

या वेळी गांधीजी काय म्हणाले, हे पाहणे आपल्या तपासात अटळ आहे. दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याला टाटांचा सव्वा लाख मिळाला होता, आणि तो त्यांनी उघडपणे, कृतज्ञतेने मिरवला होता. उत्तर 'यंग इंडिया'च्या २७ एप्रिल १९२१ च्या अंकात आहे. सत्याग्रह सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. या लेखात गांधीजी टाटांच्या थोर घराण्याला कळकळीने सांगतात की कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशी बोला, त्यांना पटवा. एका गरीब माणसाची जमीन त्याच्या मर्जीविरुद्ध घेऊन योजनेचे कितीही लाभ झाले तरी त्यांची किंमत काय, असा त्यांचा सवाल आहे.

साक्ष तोलताना न्याय दोन्हीकडे राखायला हवा. रतनजी तेव्हा हयात नव्हते. ट्रस्ट आणि वीज कंपनी या कायद्याने दोन स्वतंत्र संस्था होत्या. त्यामुळे एकाच हाताने दिले आणि घेतले, असे म्हणता येणार नाही. पण घराणे एक होते आणि गांधीजींनी शब्दही घराण्यालाच वापरला आहे. लेखात सौजन्य आहे, पण संकोच नाही. बारा वर्षांपूर्वीची तार, पंचवीस हजारांची निकड, टॉलस्टॉय फार्मची शाळा, यांपैकी काहीही त्या प्रश्नाच्या आड आले नाही. सत्याग्रह पुढे दडपला गेला, बापटांना कारावास झाला आणि धरण झालेच. लेखामुळे जमीन वाचली नाही, पण त्याने एक गोष्ट कायमची नोंदवली. ज्याने हिशेब चोख दिला होता तो देणाऱ्याचा मिंधा राहिला नव्हता.

१९१२ चे पत्र आणि १९२१ चा लेख हे दोन कागद मी म्हणूनच शेजारी ठेवतो. मला ते एकाच सचोटीची दोन रूपे वाटतात. पैशाचा शेवटचा हिशेब दिला की कृतज्ञता तेवढी उरते, दडपण उरत नाही. हिशेब बाकी असला की मात्र तोंड उघडता येत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. सातिवली हे वसईच्या पूर्वेकडचे गाव. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे गाळे. या पट्ट्यात आदिवासी पाड्यांचे प्रश्न आहेत, गाळ्यांतल्या कामगारांचे आहेत, ओढ्यांचे, डोंगराचे आणि सांडपाण्याचे आहेत. वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीपासून हिरवाईच्या रक्षणापर्यंत मोठे लढे झाले, तेही लोकांच्या वर्गणीवर आणि संस्थांच्या मदतीवर. त्यांचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसला तर त्याच्या हाती काय लागेल?

कायद्याने बरेच काही लागायला हवे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक न्यासाला धर्मादाय कार्यालयात नोंदणी, नियमित हिशेब आणि त्यांचे लेखापरीक्षण बंधनकारक केले. विश्वस्त बदलले तर फेरफार अहवाल द्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक संस्थेच्या आयुष्याचा सांगाडा सरकारी दप्तरात असतो. वसई ज्यात येते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधीचे शोधणाऱ्याने ठाणे जिल्ह्याच्या दप्तरापासून सुरुवात करावी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पण सांगाडा म्हणजे देह नव्हे. लेखापरीक्षणाच्या तक्त्यात 'कार्यक्रम खर्च' अशी एक ओळ असते. त्या ओळीमागे कोणत्या पाड्यावर कोणती शाळा चालली, कोणाच्या जामिनाला पैसे भरले, कोणती विहीर उपसली, हे त्या तक्त्याला माहीत नसते. ते असते सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीत, देणगीदाराला लिहिलेल्या पत्राच्या नकलेत. हेच कागद पहिल्यांदा वाळवीला जातात किंवा कार्यालय बदलताना रद्दीत निघतात.

टॉलस्टॉय फार्मवर काय शिजत होते, कोण किती मैल चालत होते, मुले काय शिकत होती, हे आपल्याला एक शतकानंतरही कळते. देणाऱ्याने शिलालेख बसवला म्हणून ते कळत नाही. घेणाऱ्याने बसून हिशेब लिहिला, छापला आणि जपला, म्हणून कळते. तेव्हा वाचकहो, तुम्ही कुठल्या संस्थेचे, मंडळाचे, लढ्याच्या समितीचे विश्वस्त किंवा कार्यकर्ते असाल तर या आठवड्यात कपाट उघडा. इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तके, पत्रांच्या नकला वेगळ्या काढा, त्यांवर वर्ष घाला आणि त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. आणि वर्षाचा जमाखर्च गावाला वाचता येईल अशा मराठीत, अशा ठिकाणी लावा. सव्वा लाखाचा हिशेब एका साप्ताहिकाच्या पानांत मावला होता. आपलाही मावेल.